आधी उष्णता, मग आम्लता

धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच आमच्या नातवास महाविद्यालयातील यंत्रापेक्षा घरी नेहमी किंचित अधिक मिळे. आम्ही त्याच्या वहीत ‘हलगर्जीपणा’ असा शेरा मारून मोकळे झालो.

वाचकहो, पीएच-मापकाची काचेची कांडी पीएच सांगत नाही, विद्युद्दाब देते. पीएचच्या एका अंकामागे तो २५ अंश सेल्सिअसला ५९.१६ मिलिव्होल्ट, २० अंशांस ५८.१७. ज्या बफर द्रावणाने कांडी जुळवावयाची तेही अस्थिर: २५ अंशांस १०.०१ असलेले २० अंशांस १०.०६ होते. यास्तव उष्णतामापक चुकला की यंत्र चुकीलाच प्रमाण मानते. सातच्या बफरात दाब शून्याजवळ असल्याने हा दोष फारसा उमगत नाही. आणि आम्ही तेवढेच पाहिले होते!

अखेर नातवानेच उष्णतामापक वितळत्या बर्फात बुडविला. शून्याऐवजी उणे ५! तो बदलून मग कांडी सात, चार, दहा अशी जुळविली. दर वेळी धुऊन टिपली, पुसली मात्र नाही. आकडे जुळले. आम्ही शेरा खोडला आणि तसे त्यास सांगितलेही.

कांडी रात्री शुद्ध पाण्यात ठेवू नये. पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावी.