फंडाचा पैसा आणि काडीमोड



नवरा-बायकोचे पटेनासे झाले, दोन्हीकडची माणसे बसली, की बोलणे दोनच गोष्टींवर होते. मुले कोणाकडे राहणार आणि खावटी किती मिळणार. एस.टी.तल्या, नगरपालिकेतल्या, कारखान्यातल्या माणसाची सगळ्यात मोठी शिल्लक असते ती फंडात. घर बहुधा वडिलांच्या नावावर असते, शेत असले तर एकर-दोन एकर. पंचवीस-तीस वर्षे पगारातून कापून गेलेला फंड हीच खरी इस्टेट. आणि नेमके तिच्याबद्दल कोणी विचारत नाही.

पहिली गोष्ट समजून घ्या. फंडाचे दोन भाग करून एक भाग बायकोच्या खात्यात टाका, असा हुकूम फंड ऑफिसला देण्याची सोय आपल्याकडे नाही. अमेरिकेत कोर्ट तसे करू शकते, आणि बायको आपल्या हिश्शाचा पैसा काढील तेव्हा त्यावरचा कर तीच भरते. आपला भविष्य निर्वाह निधीचा कायदा म्हणतो की सभासदाचा फंड गहाण पडत नाही आणि त्याच्या कर्जापायी जप्तही होत नाही. हे संरक्षण सावकारापासून कामगाराला वाचवण्यासाठी आले, आणि ते चांगलेच आहे. पण पोटगी थकली तर फंडाला हात लावता येतो का, यावर कोर्टांचे निवाडे एकसारखे नाहीत. म्हणून ‘तो रिटायर झाला की फंडातून वसूल करू’ या भरवशावर कोणी बहिणीने राहू नये.

मग तिचा वाटा येतो कुठून? तो पोटगीच्या रूपाने येतो. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम २५. पुष्कळजण विचारतात, आपण बौद्ध, मग हा कायदा आपल्याला कसा? तर त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन, शीख यांची नावे स्पष्ट लिहिली आहेत. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्याच्याच तुकड्यांतून पुढे हा कायदा झाला. कलम २५ प्रमाणे कोर्ट नवऱ्याचे उत्पन्न व मालमत्ता पाहून एकरकमी किंवा महिन्याची पोटगी ठरवते. मालमत्ता पाहायची तर ती कागदावर यायला हवी. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सांगितले की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र द्यावे. वकिलाला सांगून त्या शपथपत्रात फंडाची आजची शिल्लक, मिळणारी ग्रॅच्युइटी आणि नोकरीची वर्षे लिहायला लावा.

आता कराचे. एकरकमी आणि महिन्याची, या दोन पोटग्यांना आयकर वेगवेगळ्या नजरेने पाहतो. प्रतापगडच्या राजकुमारी महेश्वरीदेवी यांच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने ठरवले, आणि तो निकाल १९८४ मध्ये छापून आला, की घटस्फोटाच्या हुकुमाने मिळालेली एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम, तिच्यावर आयकर नाही. दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्न, ती करपात्र. खटला राजकुमारीचा असला तरी नियम धुणीभांडी करणाऱ्या बाईलाही तोच लागतो.

समजा उमरग्याचा एक ड्रायव्हर आहे, नोकरी सत्तावीस वर्षांची. पाच वर्षांपेक्षा जास्त सलग नोकरी झालेल्याला फंड काढताना आयकर लागत नाही. त्यातून त्याने कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे बायकोला सहा लाख एकरकमी दिले. त्यावर तिलाही कर नाही. तिने ते सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाचे व्याज बेचाळीस हजार. हे व्याज तिचे उत्पन्न. वर्षाचे व्याज पन्नास हजारांच्या आत असेल तर बँक टीडीएस कापत नाही. वर गेले तर दहा टक्के कापते आणि पॅन दिलेला नसेल तर वीस. म्हणून बाईचे स्वतःचे पॅन कार्ड आणि स्वतःचे खाते आधी काढा.

तोच माणूस महिन्याला दहा हजार देत असेल, तर त्याच्या पगारावरचा कर एक पैशाने कमी होत नाही, कारण पोटगीची वजावट आयकरात नाही. बाईच्या बाजूला ते वर्षाचे एक लाख वीस हजार उत्पन्न म्हणून धरले जातात. तेवढ्यावर प्रत्यक्ष कर बसत नाही, २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. खरी भीती कराची नाही. नवरा रिटायर झाला, फंड उचलला, खर्चून टाकला, मग महिन्याची पोटगी कुठून काढणार? पगार चालू असतो तोवर कोर्ट तो जप्त करू शकते, पोटगीच्या हुकुमात त्याचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो. पगार थांबला की तो आधारही संपला. निवृत्ती जवळ आली असेल तर एकरकमी मागणेच शहाणपणाचे, असे माझे मत आहे.

दुसरे एक सांगायचे राहिले होते, ते बाँडावरच्या सोडचिठ्ठीचे. जुन्या रूढी सोडल्या असे आपण मंचावरून सांगतो आणि काडीमोड मात्र रूढीनेच घेतो. स्टँप पेपरवर दोन सह्या झाल्या म्हणजे घटस्फोट होत नाही. रूढीचा घटस्फोट कायदा मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. ते जमले नाही तर कायद्याने ती बायकोच. मग नवऱ्याने तिच्या नावावर ठेवलेल्या पैशाचे व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाऊ शकते. विभक्त राहण्याच्या कराराने दिलेले असेल तर तसे धरत नाहीत, म्हणून करारात तो हेतू लिहिलेला हवा. उलट कोर्टाचा घटस्फोट झाल्यावर, हुकुमात नसलेली पन्नास हजारांवरची रक्कम मागाहून दिली, तर ती नातेवाइकाची भेट ठरत नाही आणि कराचा प्रश्न निघू शकतो. दोन्हीकडून उत्तर एकच, रक्कम कोर्टाच्या हुकुमात आकड्याने लिहून घ्या, आणि पैसे रोख न घेता चेकने किंवा खात्यावर घ्या.

घटस्फोट झाला की कुटुंब निवृत्तिवेतनावरचा बाईचा हक्क जातो. फंडाच्या कागदावर वारस म्हणून तिचे नाव तसेच राहिले तरी उपयोग नाही, कारण घटस्फोटित पत्नी ‘कुटुंबात’ मोडत नाही. मुलांचा हक्क तुटत नाही. १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत सभासद वारला तर दोन मुलांना वयाच्या पंचवीस वर्षांपर्यंत पेन्शन मिळते. बापाच्या फंडाच्या व पेन्शनच्या कागदावर मुलांची नावे आहेत का, हे तडजोडीच्या वेळीच पाहावे. नंतर कोणी दाखवत नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बसते. जाताना लग्नाचा पुरावा, मुलांचे दाखले, नवऱ्याची एखादी पगाराची पावती आणि फंडाचा खाते क्रमांक जवळ ठेवा. क्रमांक पगाराच्या पावतीवर छापलेला असतो, तो आजच वहीत उतरवून ठेवा.