सांध्यांत दडलेला इतिहास

पूर्व लंडनमधील कॅनिंग टाउन या कामगार वस्तीत १६ मे १९६८ रोजी पहाटे रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीच्या १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. भिंत बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत ढासळला. चौघांचा बळी गेला. पहिली बिऱ्हाडे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

स्फोट हे निमित्त होते. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती व स्लॅब पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे एकमेकांवर रचून ही इमारत उभारली होती. वेगळा सांगाडा नव्हताच. मजले वाढतील तसे सरकारी अनुदान वाढेल, अशी तरतूद हुजूर पक्षाच्या सरकारने १९५६ मध्ये केली होती. रोनन पॉइंटचे बांधकाम मात्र मजूर पक्षाच्या राजवटीत झाले, हे आपण समाजवाद्यांनी नजरेआड करता कामा नये.

चौकशी समितीने त्याच वर्षी रचनेतील दोष दाखवला. इमारत मजबूत करून लोकांना पुन्हा तेथेच राहावयास पाठवण्यात आले. तरीही वास्तुशिल्पी सॅम वेब यांनी तिच्या बांधकामाचा पिच्छा वर्षानुवर्षे सोडला नाही. अखेर १९८४ मध्ये ती रिकामी करण्याचा निर्णय झाला व १९८६ मध्ये ती मजल्यामजल्याने उतरवण्यात आली. तेव्हा जेथे मसाला ठासून भरलेला असावयास हवा होता, त्या सांध्यांत वर्तमानपत्रांचे बोळे निघाले!

इमारतीचा इतिहास शोधणे हा हौशी अभ्यासकांचा छंद नव्हे. तो रहिवाशांच्या जीविताचा प्रश्न आहे. २०१७ मध्ये लंडनच्याच ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसे आगीत गेली. तेथील रहिवाशांनी धोक्याचे इशारे आधीच दिले होते. आज मुंबईत बीडीडी चाळींतील कामगार कुटुंबे उत्तुंग इमारतींत राहावयास जात आहेत. हक्काचे घर मिळाले, याचा आनंद रास्तच आहे. परंतु नकाशे, ठेकेदाराचा करार, बांधकामाच्या तपासणीचे अहवाल हेही किल्लीइतकेच त्यांच्या हक्काचे आहेत. २००५ चा माहिती अधिकार कायदा हाताशी आहे. कार्यकर्त्यांनी रहिवाशांच्या समित्यांना बरोबर घेऊन ही कागदपत्रे आजच मागून घ्यावीत. सांधे उघडे पडण्याची वाट पाहणे कोणालाच परवडणारे नाही.