वर्षभर आधी विचारायचा प्रश्न

मा. तालुका आरोग्य अधिकारी,
खानापूर तालुका, विटा.



आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. गावाकडं म्हातारी माणसं उरतात. दुखणं विकोपाला गेलं की मुलाला फोन जातो. तो लांबचा प्रवास करून पोचतो, तोवर आई सांगली-मिरजेच्या आयसीयूत नळ्यांत असते. तिला काय हवं होतं, हे विचारायची वेळ टळलेली असते.

मरणाची तारीख कुणीच सांगू शकत नाही. गरज मात्र आधी ओळखता येते. ब्रिटनमधले फॅमिली डॉक्टर स्वतःला विचारतात, हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का? उत्तर ‘नाही’ आलं की नाव उपशामक सेवेच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, यादीत जातं. कॅन्सरचा रुग्ण बऱ्याचदा हिंडताफिरता असतो आणि शेवटी झपाट्यानं खालावतो. हृदय किंवा फुप्फुस निकामी होत चाललेला माणूस दवाखान्यातून दर खेपेला थोडा अधिक खचून परततो. स्मृतिभ्रंशात झिजणं वर्षानुवर्षं चालतं. त्यात बहुतेकदा घरची सूनही झिजते आणि तिची नोंद कुठल्याच केसपेपरवर होत नाही.

कोण दोनदा पडलं, कुणाचं जेवण तुटलं, कोण दिवसभर अंथरुणातच असतं, हे आशाताईंना ठाऊक असतं. त्यांच्याकडून दर महिन्याला अशी नावं मागवा. काही अंदाज चुकतील, चुकू देत. एखाद्या आजोबांकडं नर्स उगाच दोनदा जाऊन आली, तर त्यात कुणाचं नुकसान नाही.

केरळनं 2008 मध्येच उपशामक सेवेचं धोरण केलं. तिथं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीनं नर्स घरोघरी जातात. आपल्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांतही ही सेवा कागदावर आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली ती वेदनेनं तळमळणाऱ्याला मॉर्फिन सहज मिळावं म्हणूनच. ते विट्यात मिळावं, कोल्हापूर-पुण्याला धावायला लागू नये. नको असलेले उपचार आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये मान्य केला. 2023 पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. हे गावागावांत कुणीतरी सांगायला हवं.

दसऱ्याच्या पालखी शर्यतीला गलाईवाले गावी येतात. त्याआधी पहिली यादी तयार करा आणि त्या आठवड्यात आपले डॉक्टर त्या घरांत पाठवा. मुलगा, सून आणि म्हातारी आई एका ठिकाणी बसलेली तेव्हाच सापडतील.

आपला,
विट्यातील एक रहिवासी