कलम 67 रद्द करा, संमतीचा कायदा आणा

1934 साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुरासाठी अश्लीलतेचा खटला चालला. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना त्यांनी सरळ उत्तरं छापली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. तरीही कर्व्यांना दंड झाला.

मासिकाच्या जागी आता मोबाईल आला, कायद्याची नजर मात्र तीच राहिली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 कामुक वाटणारा किंवा वाचणाऱ्या-पाहणाऱ्याला बिघडवील असा मजकूर पाठवणं गुन्हा ठरवतं. पहिल्या वेळी 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. माणूस कशानं बिघडतो, हे आधी ठरतं पोलीस ठाण्यात. न्यायालय फार उशिरा येतं.

'कॉलेज रोमान्स' या वेबमालिकेतल्या शिव्यांवरून याच कलमाखाली गुन्हा नोंदवायचा आदेश निघाला होता. शिवराळ बोलणं म्हणजे अश्लीलता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2024 मध्ये सांगितलं, तेव्हा तो रद्द झाला. निर्मात्यांना दिल्लीपर्यंत लढता आलं. इंदापूर-बारामतीकडच्या रांगड्या बोलीत रील करणाऱ्या पोरानं एवढा वकिलाचा खर्च कुठून करायचा?

याच कायद्यातलं कलम 66अ आठवावं. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातल्या एकीनं ती पोस्ट फक्त लाईक केली होती. 24 मार्च 2015 ला ते कलम मोघम म्हणून घटनाबाह्य ठरलं. कलम 67 ची शब्दरचना त्याहून फारशी नेमकी नाही.

हे कलम गेलं तर मुलींना वाली कोण, ही भीती खरी आहे आणि ती गंभीरपणेच घ्यायला हवी. कॉलेजच्या ग्रुपवर एखादीचा खासगी फोटो फिरला की तिचं शिक्षण थांबतं, घरचे लग्नाची घाई करतात. पण तिथं प्रश्न चित्र कामुक आहे का हा नसतोच. तिची संमती नव्हती, हा असतो. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचं 67ब राहिलंच पाहिजे. खासगीपणा जपणारं 66ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रापुरतंच बोलतं. चुंबनाचा फोटो किंवा दुसऱ्या देहावर चिकटवलेला चेहरा त्यात नीट बसत नाही. संसदेनं कलम 67 काढतानाच ही फट बुजवावी आणि असं चित्र तातडीनं हटवण्याचा हक्क त्या मुलीच्या हाती द्यावा.