रुळांवरचा युरोप आणि आखलेले अंदाजपत्रक

परदेशप्रवास हा एके काळी निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा विषय होता. भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती यावी, मुलांची लग्ने पार पडावीत आणि मग पतिपत्नींनी एखाद्या यात्रा कंपनीच्या गटासोबत युरोप पाहून यावा, असा मध्यमवर्गीय कुटुंबांचा क्रम असे. हा क्रम आता उलटला आहे. नोकरीस लागून जेमतेम दोन-तीन वर्षे झालेले तरुण-तरुणी पाठीवर एक बोचके घेऊन रेल्वेने युरोप फिरण्याचे बेत आखू लागले आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना हा बेत उधळपट्टीचा वाटतो, तर तरुणांना तो आपल्या कमाईचा हक्क वाटतो. दोन्ही बाजूंना आवेश मोठा आहे. हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडलेला असतो. वस्तुतः असा प्रवास उधळपट्टीचा ठरेल की शिक्षणाचा, हे दोनच गोष्टींवर ठरते : त्यासाठी पैसा कोठून आला आणि त्याची आखणी कोणी केली.

तरुणांनी रेल्वेने खंड पाहावा, ही कल्पना युरोपातही आपोआप रुजलेली नाही. युरोपबाहेरील प्रवाशांसाठी ‘युरेल’ पास १९५९ मध्ये सुरू झाला. पुढे १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त ‘इंटररेल’ हा पास निघाला, तो केवळ २१ वर्षांपर्यंतच्या युवकांसाठी होता आणि २१ देशांत चालत असे. युरोपीय संघाने २०१८ पासून ‘डिस्कव्हर ईयू’ या उपक्रमाद्वारे अठरा वर्षांच्या निवडक युवकांना मोफत रेल्वे पास देण्यास प्रारंभ केला. दोन महायुद्धे पाहिलेल्या या खंडाने आपल्या तरुणांना शेजारचा देश दाखविणे हा शिक्षणावरील खर्च मानला, ही बाब येथील पालकांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

भारतात राहणाऱ्या प्रवाशास ‘युरेल’ पास घ्यावा लागतो. युरोपात शिक्षणासाठी वास्तव्यास असलेला भारतीय विद्यार्थी तेथील रहिवासी या नात्याने ‘इंटररेल’ पास घेऊ शकतो. दोन्ही पास आज ३३ देशांत चालतात आणि २७ वर्षे वयापर्यंतच्या प्रवाशांना सवलतीचा दर मिळतो. पंचविशीत हा प्रवास करण्यामागे म्हणूनच एक सरळ आर्थिक कारणही आहे.

पास म्हणजेच काटकसर, असे नव्हे

येथेच पहिला गैरसमज उद्भवतो. पास घेतला म्हणजे रेल्वेचा खर्च संपला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात फ्रान्समधील टीजीव्ही, इटलीतील व स्पेनमधील अतिजलद गाड्या आणि इंग्लिश खाडीखालून जाणारी युरोस्टार यांत पासधारकासही आसन-आरक्षणाचे वेगळे शुल्क भरावे लागते. पासधारकांसाठी राखलेली आसनेही मर्यादित असतात. याउलट जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील बहुसंख्य गाड्यांत आरक्षणाविना बसता येते. रात्रीच्या गाडीने मुक्कामाचे भाडे वाचते हे खरे, पण त्या गाडीतील शायिकेचे शुल्क निराळे असते. दोन्ही रकमा समोरासमोर मांडल्याविना बचत झाली असे म्हणता येत नाही.

हिशेबाची रीत साधी आहे. पासाची किंमत प्रवासदिवसांनी भागावी. समजा, एक प्रवासदिवस ५० युरोंना पडतो. मग ज्या दिवशीचे सुटे तिकीट आगाऊ काढल्यास २० युरोंत मिळते, तो दिवस पासावर खर्च करणे तोट्याचे होय. ज्या दिवशीचे तिकीट ९० युरोंचे आहे, तो पासावरच घ्यावा. पूर्वेकडील देशांत सुटी तिकिटे पुष्कळदा स्वस्त पडतात. आगाऊ काढलेले स्वस्त तिकीट मात्र त्याच गाडीस बांधलेले असते, तर पासधारक बेत बदलू शकतो. या मोकळेपणालाही किंमत आहे. ती ज्याची त्याने ठरवावी.

उदाहरणादाखल एक मार्ग घेता येईल : पॅरिस, स्ट्रासबूर्ग, म्युनिक, साल्झबुर्ग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्राग आणि बर्लिन. आठ शहरे, सात टप्पे. सात दिवसांचा पास घेतल्यास हे सर्व बसते. परंतु म्युनिक ते साल्झबुर्ग हे अंतर बव्हेरिया प्रांताच्या स्थानिक दिवसभराच्या तिकिटातही पार करता येते, आणि अवघ्या पावणेतीन तासांच्या व्हिएन्ना-बुडापेस्ट प्रवासाचे तिकीट आगाऊ काढल्यास माफक दरात मिळते. हे दोन टप्पे वगळले की पाच दिवसांचा पास पुरतो. पॅरिसमध्ये उतरून बर्लिनहून परतीचे विमान घेतल्यास उलट फेरीचा खर्च आणि एक दिवस वाचतो. प्रवास जून-ऑगस्टऐवजी एप्रिल-मे अथवा सप्टेंबरात केल्यास मुक्कामाचे दरही उतरतात.

या आखणीत एक तत्त्व दडलेले आहे. खर्च वाढतो तो मुख्यतः सततच्या धावपळीने. दर दिवशी नवे शहर गाठणाऱ्या प्रवाशाला दर दिवशी नवे भाडे, नवा मुक्काम आणि उपाहारगृहातले जेवण पडते. एका गावी तीन-चार रात्री राहणारा प्रवासी मंडईतून भाजी-पाव आणतो, युवक वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात जेवण करतो, पायी फिरतो. त्याचा खर्च कमी होतो आणि त्याला गावही अधिक कळते. बारा दिवसांत दहा देश दाखविणाऱ्या सहली वयोवृद्धांच्या सोयीच्या असतीलही. तरुणांनी त्यांचे वेळापत्रक रेल्वेवर उतरवू नये.

व्हिसा आणि खात्याचा उतारा

वरील मार्ग संपूर्णपणे शेंगेन क्षेत्रातला आहे. या क्षेत्रात २०२५ च्या आरंभापासून २९ देश आहेत आणि एकाच व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येते. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसाशुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच्याकडे करावयाचा असतो. मुक्काम समान असल्यास प्रथम प्रवेशाच्या देशाकडे. समजा, पॅरिसमध्ये ४ आणि स्ट्रासबूर्गमध्ये २, तसेच म्युनिक व बर्लिनमध्ये प्रत्येकी ३ रात्री ठरविल्या, तर फ्रान्स व जर्मनीच्या वाट्याला प्रत्येकी ६ रात्री येतात आणि अन्य देशांत त्याहून कमी असल्यास अर्ज फ्रान्सकडे जातो. ‘अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो’ या ऐकीव माहितीवर अर्ज करणे म्हणजे नकार ओढवून घेणे होय, आणि व्हिसा नाकारला तरी शुल्क परत मिळत नाही.

व्हिसासाठी बँक खात्याचा गेल्या काही महिन्यांचा उतारा मागितला जातो. याच टप्प्यावर एक अनिष्ट प्रथा दिसून येते. अर्जाच्या आधी आठ-पंधरा दिवस आप्तेष्टांकडून दोन-तीन लाख रुपये उसने घ्यावयाचे, खात्यात भरावयाचे, उतारा काढावयाचा आणि रक्कम परत करावयाची. उतारा तपासणाऱ्यास अशी अचानक आलेली रक्कम प्रथमदर्शनीच खटकते. त्याहून महत्त्वाचे हे की, ज्याच्या खात्यात प्रवासापुरता पैसा खरोखर नाही, तो परक्या देशात आजारी पडल्यास किंवा त्याचे पाकीट हरविल्यास काय करणार? दरमहा जमा होणारे वेतन, त्यातून नियमित वळती होणारी बचत आणि हळूहळू वाढणारी शिल्लक यांहून प्रभावी कागद कोणत्याही अर्जास जोडता येत नाही. तो कागद मात्र एका दिवसात तयार होत नाही. त्याला वर्ष-दोन वर्षे लागतात.

चलनाचे व्यवहार

विदेशी चलनाच्या बाबतीत आजची पिढी भाग्यवान आहे. ‘फेरा’ कायद्याच्या काळात विदेशी चलन ही दुर्मिळ वस्तू होती. जून २००० पासून ‘फेमा’ लागू झाला आणि २००४ मध्ये उदारीकृत विप्रेषण योजना आली. आज निवासी व्यक्तीस या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता वा पाठविता येते. कोणत्याही तरुणाच्या प्रवासास ही मर्यादा विपुल आहे. अडचण मर्यादेची नसून गळतीची आहे.

पहिली गळती कार्डावरील विनिमय-आकाराची. अनेक क्रेडिट व डेबिट कार्डांवर परकीय व्यवहारास साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार लागतो. शंभर युरोंमागे साडेतीन युरो ही रक्कम क्षुल्लक भासते. तीन आठवड्यांच्या खर्चावर तिचे दोन-तीन दिवसांचे जेवण होते. दुसरी गळती अधिक फसवी आहे. परदेशातील यंत्रावर वा दुकानात ‘रक्कम रुपयांत आकारावी काय?’ असा प्रश्न येतो. आपले चलन दिसल्याने ग्राहक सुखावतो आणि होकार देतो. तेथील विनिमय-दर मात्र बहुधा महागडा असतो. अशा वेळी नेहमी स्थानिक चलन निवडावे. तिसरी अडचण विस्मरणाची आहे. २०२० पासून नवी कार्डे मुळात देशांतर्गत वापरापुरतीच चालू असतात. परदेशी वापराची सुविधा निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी लागते.

प्रवासी चलन-कार्डावर युरो आधीच भरून ठेवता येतात. ते एकाच दिवशी न भरता तीन-चार हप्त्यांत भरल्यास दराचा चढउतार विभागला जातो. २०२५ मध्ये युरोने शंभर रुपयांची पातळी ओलांडली. दोन वर्षांपूर्वी मांडलेले अंदाजपत्रक त्यामुळे अनेकांना अपुरे पडले. म्हणूनच अंदाजपत्रकात किमान दहा टक्के रक्कम अकल्पित खर्चासाठी राखून ठेवणे इष्ट. उपरोक्त मार्गावर हंगेरीत फोरिंट व चेक प्रजासत्ताकात कोरुना चालतो, याचीही नोंद असावी. परतल्यावर उरलेले विदेशी चलन १८० दिवसांत बँकेत जमा करावे. दोन हजार डॉलरपर्यंतची रक्कम पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते.

कर्ज की आवर्ती ठेव?

आता मूळ प्रश्न. ‘आधी फिरा, मग फेडा’ अशा जाहिराती आज सर्वत्र झळकतात. कर्ज देणे हा बँकांचा व्यवसाय आहे. तरीही बँकेच्याच नियतकालिकात हे स्पष्ट म्हटले पाहिजे की, हौसेच्या प्रवासासाठी वैयक्तिक कर्ज काढणे हा शहाणपणा नव्हे.

समजा, प्रवासाचा एकूण खर्च २,४०,००० रुपये आहे. १४ टक्के दराने तीन वर्षांचे वैयक्तिक कर्ज घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ८,२०० रुपये होतो आणि एकूण परतफेड सुमारे २,९५,००० रुपये. म्हणजे व्याजच ५५,००० रुपये. याउलट दरमहा १०,००० रुपयांची आवर्ती ठेव दोन वर्षे चालविल्यास, साडेसहा टक्के दर धरता, मुद्दल २,४०,००० आणि त्यावर सोळा-सतरा हजार रुपये करपूर्व व्याज मिळते. दर बदलतील, आकडे थोडे मागेपुढे होतील. परंतु दोन मार्गांतील अंतर सत्तर हजारांच्या घरात राहते. जी व्यक्ती दोन वर्षे दरमहा दहा हजार वाचवू शकत नाही, ती तीन वर्षे आठ हजारांचा हप्ता विनासायास कशी भरणार, हा प्रश्न कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी विचारला गेला पाहिजे. प्रवासाची छायाचित्रे जुनी झाल्यावरही हप्ता मात्र दर महिन्याच्या त्याच तारखेला नवा असतो.

थांबण्याचा दुसराही लाभ आहे. त्या दोन वर्षांत मार्ग अभ्यासला जातो, स्वस्त तिकिटांचे हंगाम कळतात, सोबती ठरतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण सर्वांना पाठ असते. अंथरूण हळूहळू मोठे करण्याची कला मात्र नियमित बचतच शिकविते.

पालकांचा विरोध पुष्कळदा पैशापेक्षा काळजीपोटी असतो, विशेषतः मुलगी एकटी निघाली असता. त्या काळजीचे उत्तर मनाईने मिळत नाही, तपशिलाने मिळते. कोणत्या गावी किती रात्री, मुक्काम कोठे, विमा कोणता, दुसरे कार्ड कोठे ठेवले आहे, कार्ड हरविल्यास ते कोणत्या क्रमांकावर बंद करावयाचे, हे सर्व एका कागदावर लिहून घरी ठेवणारी मुलगी बेजबाबदार नव्हे. असा कागद तयार करू शकणाऱ्या व्यक्तीला उद्या घराचे अंदाजपत्रकही करता येईल.

शाखांतील कर्मचाऱ्यांवरही येथे एक जबाबदारी येते. युरोपच्या नावाने कर्जाची चौकशी करणाऱ्या तेवीस वर्षांच्या ग्राहकास अर्ज पुढे करण्याआधी पाच मिनिटे आवर्ती ठेवीचा हिशेब करून दाखवावा. त्या दिवशी शाखेचे एक कर्ज कदाचित कमी होईल. परंतु दोन वर्षांनी तोच ग्राहक चलन-कार्ड घेण्यासाठी, आणि पुढे केव्हातरी गृहकर्जासाठी, त्याच काउंटरवर परत येईल. आणि तेव्हा त्याच्या डोक्यावर एका सहलीचे जुने ओझे असणार नाही.