इंधनातील पाणी आणि बालकांचा श्वास

दुधात पाणी घालणारा गवळी दोषी ठरतो. बायोडिझेलमध्ये विचारपूर्वक पाणी घालणारा अभियंता मात्र संशोधक म्हणून ओळखला जातो. ऐकणाऱ्यास हा विनोद वाटेल, पण त्यामागे खरे शास्त्र आहे. त्या शास्त्राच्या मर्यादा न सांगता त्याचा बाजार मांडला जातो, म्हणून एका बालरोगतज्ज्ञाने या विषयावर लिहिण्याचे धाडस केले आहे.

वनस्पतितेलावर किंवा वापरलेल्या खाद्यतेलावर मिथेनॉलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळे काढले की बायोडिझेल मिळते. त्यात वजनाने सुमारे ११ टक्के प्राणवायू असतो. त्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते आणि काजळी व कार्बन मोनॉक्साइड घटतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र बहुधा थोडी वाढतात. ज्वलनकक्षातील तापमान जितके जास्त, तितकी ही ऑक्साइडे अधिक. आणि पाण्याचा उपयोग नेमका येथेच होतो.

तेल आणि पाणी आपणहून एकत्र नांदत नाहीत. त्यांना बांधून ठेवण्यास सर्फॅक्टंट लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट सोडणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शब्द परका नाही. आईचे दूध हे पाण्यात स्निग्धांश विखुरलेले पायस; येथे उलट तेलात पाण्याचे सूक्ष्म थेंब विखुरलेले असतात. इंजिनाच्या उष्णतेने आतल्या पाण्याची वाफ तेलाआधी होते, थेंब फुटतो आणि इंधनाचे आणखी बारीक तुषार होतात. वाफेमुळे तापमानही उतरते. म्हणून काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ही दोन्ही एकाच वेळी कमी होऊ शकतात. साध्या डिझेलवर हा प्रयोग पूर्वीच झाला आहे : सुमारे १३ टक्के पाणी असलेले ‘अक्वाझोल’ हे इंधन १९९० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये बसगाड्यांत वापरले गेले.

धूर कमी होण्याचे मोल बालरोगतज्ज्ञाला वेगळे सांगावे लागत नाही. मूल वजनाच्या मानाने प्रौढापेक्षा जास्त हवा घेते आणि त्याची फुप्फुसे जन्मानंतर अनेक वर्षे घडत असतात. दक्षिण कॅलिफोर्नियातील शाळकरी मुलांच्या दीर्घ अभ्यासात दूषित हवेत फुप्फुसांची वाढ कमी होते असे २००४ मध्ये, आणि हवा सुधारल्यावर ती सुधारते असे २०१५ मध्ये दिसून आले. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये निश्चित कर्ककारक ठरविले.

मग हे मिश्रण सरसकट का वापरू नये? कारण पाणी स्वतः जळत नाही. त्यापासून ऊर्जा मिळत नाही. ‘पाण्यावर इंजिन चालते’ असे सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहावे हेच बरे. १९९६ मध्ये ‘वनस्पतींपासून पेट्रोल’ या दाव्याने देश कसा भुलला होता, ते आपल्या पिढीला आठवत असेल. शिवाय मिश्रण साठवून ठेवले की पाणी तळाशी बसते, गंज चढतो, जंतू वाढतात आणि बायोडिझेलचे विघटन होऊन आम्ल तयार होते. म्हणूनच भारतीय मानकात शुद्ध बायोडिझेलमध्ये किलोमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक पाणी चालत नाही. थंड इंजिन अशा मिश्रणावर सुरू होताना कुरकुरते, आणि कमी भारावर कार्बन मोनॉक्साइड वाढूही शकतो.

आता प्रश्न आपल्या दाराशी येतो. बहुतेक नर्सिंग होमच्या मागील अंगणात डिझेलचा जनरेटर असतो. तो महिनोन्महिने निवांत उभा असतो आणि वीज जाताच क्षणात चालू व्हावा अशी अपेक्षा असते. कारण वरच्या मजल्यावर वॉर्मरखाली एखादे दीड किलोचे बाळ असते. ‘पाणी मिसळा, खर्च वाचवा’ असे सांगणारे विक्रेते माझ्याकडेही येऊन गेले आहेत. औषधाबाबत आपण विचारतो तेच त्यांना विचारावे : मात्रा किती, कोणत्या रुग्णास, किती दिवस टिकते, दुष्परिणाम काय आणि चाचणी कोणी केली? माझे मत स्पष्ट आहे. सतत चालणाऱ्या, जागच्या जागी ताजे मिश्रण करू शकणाऱ्या मोठ्या इंजिनांसाठी, विशेषतः जहाजांवर, हे तंत्र उपयुक्त ठरेल. रुग्णालयाच्या राखीव जनरेटरसाठी ते निषिद्ध मानावे.

तरी आपल्या हाती काहीच नाही असे नव्हे. जनरेटरचे धुराडे वॉर्डाच्या खिडकीपासून दूर व उंच न्यावे. नवा संच घेताना १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या कठोर प्रदूषण-मानकांचाच घ्यावा. शक्य तेथे सौरऊर्जा व बॅटरीने जनरेटरचे तास घटवावेत. आणि आपल्या इंदुरात सराफा व छप्पन दुकानांच्या कढया थंड कधी होतात? २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरविली आणि असे तेल बायोडिझेलकडे वळविण्याचा उपक्रमही आरंभिला. ते तेल पुन्हा कढईत न जाता बायोडिझेलच्या कारखान्यात जावे, असा आग्रह वैद्यकीय मंडळींनी धरला, तर रुग्णांचे हृदय आणि मुलांची फुप्फुसे या दोहोंचे हित होईल. इंधनात पाणी किती घालावे हे अभियंत्यांनी ठरवावे; दाव्यांत पाणी किती मुरले आहे, हे पारखणे मात्र आपले काम आहे.