दुखणे थांबले म्हणजे आजार गेला नव्हे

जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. अन्न पचविणारा रस आणि रक्तातील साखर ताब्यात ठेवणारे इन्सुलिन ती तयार करते. तिला वर्षानुवर्षे सूज येत राहिली की ती निकामी होऊ लागते. पोटाच्या वरच्या भागात कळ उठते, पाठीत जाते. रोगी पोटाशी पाय घेऊन बसतो.

पुढे काहींचे दुखणे कमी होते. घरची माणसे म्हणतात, बरा झाला. बंधू-भगिनींनो, खरी काळजी तेव्हाच घ्यायची असते, हेच आम्हाला सांगायचे आहे.

पाचक रस आटला की खाल्लेले अंगी लागत नाही. शौचास तेलकट, चिकट, दुर्गंधीयुक्त होते. वजन उतरते, हाडे ठिसूळ होतात. यासाठी डॉक्टर पाचक रसाच्या कॅप्सूल देतात. त्या उपाशीपोटी नव्हे, जेवतानाच घ्याव्यात. रोग्याचे अन्न तोडू नये. थोडेथोडे, अनेक वेळा द्यावे.

इन्सुलिन कमी पडले की मधुमेह जडतो. या मधुमेहात साखर एकाएकी उतरूही शकते. इन्सुलिन घेऊन रोगी उपाशी राहिला, घाम फुटून हातपाय थरथरू लागले, तर शुद्धीवर असेतो त्याला साखर खाऊ घालावी. डोळे पिवळे झाले, ताप चढला, उलट्या थांबेनात किंवा पोटात गोळा लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पुढे या ग्रंथीचा कर्करोगही होऊ शकतो, म्हणून तपासणी चुकवू नये. घरात एक वही ठेवून वजन व साखर लिहीत जावे. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते.

दारू आणि बिडी-तंबाखू या आजाराला खतपाणी घालतात. पाचवे शील पाळण्याला येथे औषधाचे मोल आहे. पण दारूला कधीही न शिवलेल्यांनाही हा आजार होतो. तेव्हा रोग्याला दारुडा ठरवून टोमणे मारू नयेत. आणि जो खरोखर पीत होता, त्यालाही टोमण्यांनी गुण येत नाही.

विनयपिटकात पोटाच्या विकाराने मळात पडलेल्या भिक्खूची हकीकत आहे. तो संघाच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतले. आमच्या घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला, तर त्याची किंमत आम्ही त्याच्या पगारावरून करणार काय?

जयभीम!